आधी प्रोटॉन कुणाला मिळाला, मग हवेतून कोण कसं चाललं

मास स्पेक्ट्रोमीटर केमिस्ट्री केलेल्या सगळ्यांना माहीत असतो, परीक्षेत त्याचे प्रश्न सोडवलेले असतात, पण आयन मोबिलिटी स्पेक्ट्रोमेट्री (आयएमएस), म्हणजे चार्ज मिळालेले रेणू (आयन) हवेतून किती वेगाने सरकतात त्यावरून पदार्थ ओळखायचं तंत्र, म्हटलं की एम.एस्सी.ची पोरंसुद्धा एकमेकांकडे बघतात. मला याचं वाईट वाटतं, कारण शिकवायला इतकं छान आणि कामाला इतकं थेट असं तंत्र फार कमी आहे. यात व्हॅक्यूम लागत नाही. साध्या हवेत, साध्या वातावरणीय दाबावर सगळं चालतं. आमच्या खान्देशात ज्यांनी लॅबमध्ये काम केलंय त्यांना याचं महत्त्व समजवावं लागत नाही, मे महिन्यात लाइट गेली, बॅकअप संपला आणि व्हॅक्यूम पंप थांबला की मशीन परत लायनीवर येईपर्यंत अख्खा दिवस जातो. इथे व्हॅक्यूम पंपच नाही, म्हणून तर हे यंत्र हातात धरून फिरता येतं, सैनिक वापरतात, एअरपोर्टवर टेबलावर असतं.

आत काय असतं ते आधी सांगते. एक नळी, समजा १० सेंटीमीटरची. नळीच्या आत धातूच्या रिंगा एकामागे एक, प्रत्येक दोन रिंगांमध्ये रेझिस्टर, आणि सगळ्यांवर मिळून समजा २५०० व्होल्ट, म्हणजे दर सेंटीमीटरला २५० व्होल्ट, यालाच फिल्ड म्हणायचं. एका टोकाला नमुन्याच्या वाफेचे आयन तयार होतात. मध्ये एक फाटक असतं, बारीक तारांच्या दोन जाळ्या एकमेकींत गुंतवलेल्या, शेजारशेजारच्या तारांवर वेगवेगळा व्होल्टेज दिला की आयन तारांवर जाऊन संपतात, म्हणजे फाटक बंद, आणि दोन्हींवर सारखा केला की फाटक उघडं. हे ब्रॅडबरी आणि नील्सन यांनी १९३६ साली दिलेलं डिझाइन, आजही चालू आहे. फाटक साधारण ०.२ मिलिसेकंद उघडतं, आयनांचा एक पातळ थर आत सुटतो, आणि समोरून कोरडी स्वच्छ हवा किंवा नायट्रोजन उलट दिशेने वाहत असतो त्यातून वाट काढत तो थर पुढे सरकतो. पलीकडच्या टोकाला धातूची एक चकती, तिच्यावर आयन आपटले की अगदी बारीक करंट मिळतो, तो वाढवून वेळेसमोर काढायचा. झाला तुमचा स्पेक्ट्रम. अख्खा प्रवास २०-२५ मिलिसेकंदांत संपतो, म्हणून सेकंदाला कितीतरी स्पेक्ट्रम घेऊन त्यांची सरासरी काढता येते.

आता गणित करून बघा, इथेच मजा आहे. १० सेंटीमीटर २० मिलिसेकंदांत म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किलोमीटर. पण नळीतले हवेचे रेणू मात्र खोलीच्या तापमानाला सेकंदाला साडेचारशे मीटरच्या वर वेगाने इकडेतिकडे पळत असतात, आणि एक रेणू दुसऱ्याला आपटण्याआधी सरासरी ७० नॅनोमीटरच्या आसपासच जातो. म्हणजे आपला आयन त्या २० मिलिसेकंदांत कोटींच्या घरात टकरा खातो. प्रत्येक टकरीत त्याची दिशा बिघडते, फिल्ड त्याला परत पुढे ओढतं, पुन्हा टक्कर, पुन्हा ओढ, आणि या सगळ्यातून जो सरासरी वेग उरतो तो फिल्डच्या प्रमाणात असतो. वेग भागिले फिल्ड म्हणजे मोबिलिटी. सेकंदाला ५०० सेंटीमीटर भागिले २५०, उत्तर २.०, एकक सेंटीमीटर वर्ग प्रति व्होल्ट सेकंद.

आणि या मोबिलिटीत रेणूचा आकार येतो, नुसतं वजन नाही. महाशिवरात्रीला चांगदेवच्या यात्रेत गर्दीतून दोन माणसं चाललीयत, दोघांचं वजन सारखं, पण एकाने हात अंगाशी घेतलेत आणि दुसऱ्याच्या खांद्यावर आडवा बांबू आहे, तर आधी कोण पोचेल ते कुणीही सांगेल. रेणूचंही तसंच, आटोपशीर गोळा झालेला रेणू कमी टकरा खातो आणि लवकर पोचतो, लांब हातपाय पसरलेला उशिरा. त्या टकरीच्या क्षेत्रफळाला कोलिजन क्रॉस सेक्शन म्हणतात आणि ते चौरस अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. सारख्याच वस्तुमानाचे दोन आयसोमर, म्हणजे सूत्र एकच पण रचना वेगळी असे रेणू, मास स्पेक्ट्रोमीटरच्या एकाच आकड्यावर येऊन बसतात, इथे मात्र ते वेगळे होण्याची शक्यता असते. म्हणून तर मोठ्या कंपन्यांनी मास स्पेक्ट्रोमीटरच्या आत मोबिलिटी बसवायला सुरुवात केली, वॉटर्सचं सिनॅप्ट २००६ साली आलं, मग ब्रुकरचं टिम्सटॉफ आलं. पण या कल्पनेची मुळं बरीच जुनी आहेत. हवेतल्या आयनांचा वेग रदरफोर्डने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोजला, लांजव्हँने १९०५ च्या सुमाराला त्याचं गणित मांडलं, आणि केमिस्ट लोकांच्या कामाचं यंत्र म्हणून ते १९७० मध्ये कोहेन आणि करासेक यांनी पुढे आणलं.

इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत असतं. मला ज्यावर बोलायचंय ते याच्या आधी घडतं, फाटकाच्याही आधी. नळीत चालायला आधी चार्ज लागतो, आणि चार्ज सगळ्यांना मिळत नाही!

जुन्या आणि अजूनही खूप वापरल्या जाणाऱ्या यंत्रांत निकेल-६३ चा पातळ थर असतो. त्याचा अर्धायुकाल १०० वर्षांच्या आसपास, तो बीटा कण म्हणजे इलेक्ट्रॉन सोडतो, सरासरी ऊर्जा १७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. हे इलेक्ट्रॉन नमुन्याला शोधत जात नाहीत, ते हवेतल्या नायट्रोजनला आपटतात कारण तोच सगळ्यात जास्त आहे. नायट्रोजनचा आयन बनतो, त्याच्या पुढे भराभर रिॲक्शन होतात, आणि शेवटी चार्ज येऊन थांबतो पाण्याकडे. हवा कितीही कोरडी करा, तिच्यात पाण्याचा अंश राहतोच. तर एक प्रोटॉन आणि त्याच्याभोवती पाण्याचे दोन-चार रेणू, असे गुच्छ तयार होतात. नमुना काहीच घातला नाही तरी स्पेक्ट्रममध्ये याचं मोठं पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, दिसतं, त्याला रिॲक्टंट आयन पीक म्हणतात. माझ्या मते आयएमएस शिकताना पहिले काही तास नुसतं हे एक पीक बघण्यात घालवावेत.

मग नमुन्याची वाफ आत येते. पाण्याकडचा प्रोटॉन ती घेऊ शकते का, यावर सगळं ठरतं. प्रोटॉनची ओढ मोजायला आकडा आहे, प्रोटॉन ॲफिनिटी. पाण्याची ६९१ किलोज्यूल प्रति मोल. मेथॅनॉलची ७५४, इथेनॉलची ७७६, ॲसिटोनची ८१२, इथाइल ॲसिटेटची ८३६, अमोनियाची ८५४. ज्याचा आकडा पाण्याहून मोठा तो प्रोटॉन घेतो आणि दिसतो. ज्याचा लहान तो नळीत असूनही दिसत नाही. नमुन्यात तो भरपूर असला तरी पॉझिटिव्ह मोडमध्ये, म्हणजे पॉझिटिव्ह आयन मोजताना, त्याचा पत्ता लागत नाही.

आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात केळीशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही, आणि मला हा मुद्दा नीट उलगडून सांगायला लावला तो आमच्या आप्पांनी, माझे मोठे काका. केळी पिकवायच्या चेंबरच्या दाराशी उभं राहून त्यांनी विचारलं, "कोनत्या केयीले कार्बाइड मारेल हे ते तुह्या मशीननं समजीन का वं माय?" प्रश्न एकदम रास्त आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो, आणि जो माणूस चेंबर बांधून नियमाने माल पिकवतो त्याला शेजारचा पुड्या टाकून पिकवतो याचा राग येणारच.

तर बघा. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन निघतं. ॲसिटिलीनची प्रोटॉन ॲफिनिटी ६४१ च्या आसपास, पाण्याहून कमी. इथिलीनची ६८०, तीही कमी. म्हणजे चांगला वायू आणि वाईट वायू दोन्ही या यंत्राला दिसतच नाहीत! आप्पांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, मंग काय उपेग. पण गोष्ट तिथे संपत नाही. बाजारातलं कार्बाइड शुद्ध नसतं, त्यात फॉस्फरसची आणि आर्सेनिकची अशुद्धी असते, त्यातून थोडं फॉस्फीन आणि आर्सीन निघतं. कार्बाइडला जो लसणासारखा उग्र वास येतो तो मुख्यतः यांच्यामुळे, शुद्ध ॲसिटिलीनला तसा वास नसतो. फॉस्फीनची प्रोटॉन ॲफिनिटी ७८५, पाण्याहून बरीच जास्त. म्हणजे फॉस्फीन प्रोटॉन घेऊ शकतं. इथे आप्पांचे डोळे चमकले.

पण मी त्यांना पुढचंही सांगितलं, कारण अर्धं सांगितलं असतं तर ते खोटंच झालं असतं. पिकत्या केळीच्या खोलीत फॉस्फीन एकटं नसतं. केळी पिकायला लागली की एस्टर सोडते, आयसोअमाइल ॲसिटेट हा त्यातला मुख्य, आपण ज्याला केळीचा वास म्हणतो तो. एस्टरांची प्रोटॉन ॲफिनिटी ८३० च्या पुढे. खोलीत एस्टर भरपूर असतील तर प्रोटॉन ते घेऊन जातात आणि फॉस्फीनच्या वाट्याला काही उरत नाही. आणि शेजारी अमोनियावर चालणारं कोल्ड स्टोरेज असेल, थोडी गळती असेल, तर अमोनिया ८५४ घेऊन बसलाय, तो छोट्या एस्टरांनाही मागे टाकतो. म्हणजे त्याच खोलीतली तीच हवा, फक्त शेजारचा वायू बदलला की स्पेक्ट्रम बदलतो. याला चार्जची स्पर्धा म्हणतात आणि ज्याला हे माहीत नाही त्याने पीक नाही म्हणजे पदार्थ नाही असा निकाल कधीही देऊ नये. माझं या बाबतीत मत पक्कं आहे, आयएमएसचा रिपोर्ट वाचणाऱ्याला प्रोटॉन ॲफिनिटीचं टेबल तोंडपाठ नसलं तरी समोर असलंच पाहिजे.

चार्ज द्यायचा दुसराही मार्ग आहे, यूव्ही दिवा. क्रिप्टॉनचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रकाश देतो. इथिलीनचा इलेक्ट्रॉन काढायला १०.५१ लागतात, ॲसिटिलीनचा काढायला ११.४०, फॉस्फीनचा ९.८७. म्हणजे या दिव्याने इथिलीन निसटतं जमतं, फॉस्फीन सहज जमतं, ॲसिटिलीन जमत नाही. मला हे आकडे फार आवडतात, कारण तीन वायू, दोन पद्धती, आणि कोण कुठे दिसेल हे सगळं कागदावर बसून आधीच सांगता येतं. चेंबरमधलं इथिलीन रोज मोजायला मात्र साधा सेन्सर किंवा गॅस क्रोमॅटोग्राफच बरा, त्यासाठी हे यंत्र आणू नये.

मग केळीत हे यंत्र खरं कुठे कामाचं? एस्टरांसाठी. आयसोअमाइल ॲसिटेटचं वस्तुमान १३०. साध्या सरळ साखळीच्या अमाइल ॲसिटेटचंही १३०, प्रोपाइल ब्युटिरेटचंही १३०, ब्युटाइल प्रोपिओनेटचंही १३०. सूत्र सगळ्यांचं एकच. आयसोअमाइलची साखळी टोकाशी फुटलेली, म्हणून तो किंचित आटोपशीर, किंचित लवकर येणार. किंचित हा शब्द महत्त्वाचा आहे, हातात धरायच्या यंत्राची विभेदन क्षमता ३०-४० च्या घरात असते, म्हणजे २० मिलिसेकंदांवरचं पीक अर्ध्या मिलिसेकंदाएवढं रुंद, त्यात हे दोन वेगळे दिसायची आशा कमीच. म्हणून पुढे छोटा जीसी कॉलम, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफची लांब बारीक नळी, लावतात. आधी कॉलममधून एकेक जण वेगवेगळ्या वेळी बाहेर येतो, मग प्रत्येकाची मोबिलिटी मोजली जाते, आणि कागदावर रेषेऐवजी नकाशा मिळतो, एका बाजूला जीसीची वेळ, दुसऱ्या बाजूला ड्रिफ्टची, म्हणजे आयनाच्या नळीतल्या प्रवासाची. याने दुसराही फायदा होतो, एस्टर आणि फॉस्फीन एकाच वेळी स्रोतात येत नाहीत, त्यामुळे प्रोटॉनसाठीची ती स्पर्धाच बरीचशी मिटते. ऑलिव्ह तेल, मध यांची पारख करायला जीसी-आयएमएस वापरतात, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरची हवा तपासायलाही २००१ साली याच जोडीचं यंत्र पाठवलं होतं.

नकाशात नवख्या माणसाला बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे एकाच पदार्थाचे दोन ठिपके. थोडा एस्टर असेल तर एक रेणू एक प्रोटॉन, ते मोनोमर. एस्टर वाढला की दोन रेणू मिळून एकच प्रोटॉन मध्ये धरतात, तो डायमर, आकाराने मोठा, म्हणून उशिरा येतो. एस्टर वाढत जाईल तसं आधी पाण्याचं पीक खाली जातं, मोनोमर वर येतो, मग मोनोमरही खाली यायला लागतो आणि डायमर वर. नुसतं मोनोमर बघून मोजमाप केलं तर वास वाढत असताना आकडा कमी होताना दिसेल. दोन्ही एकत्र वाचायचे असतात.

आता आमच्या हवेबद्दल. मोबिलिटी गॅसच्या घनतेवर अवलंबून असते, म्हणून ती ०° सेल्सिअस आणि ७६० टॉर दाबाला आणून लिहायची पद्धत आहे, तिला रिड्यूस्ड मोबिलिटी म्हणतात. जळगावची उंची दोनशे मीटरच्या थोडी वर, दाब ७४० टॉरच्या आसपास धरा. डिसेंबरात खोली २७° ला असेल तर वरची २.० मोबिलिटी गुणिले २७३ भागिले ३००, गुणिले ७४० भागिले ७६०, येते साधारण १.७७. आता तोच आयन मे महिन्यात ४५° ला त्याच नळीत सोडा, भुसावळवाल्यांना ४५° म्हणजे काय ते सांगायला नको, हवा विरळ झाली म्हणून आयन जरा जोरात जातो, २० मिलिसेकंदांऐवजी १८.९ ला पोचतो. एक मिलिसेकंदाहून जास्त फरक! पीक शोधायची वेळेची खिडकी अर्ध्या मिलिसेकंदाची ठेवली असेल तर तो पदार्थ तुमच्या यादीतून गेला. हिशोबाने १.७७ च परत आला पाहिजे, पण तेही पूर्ण खरं नाही, कारण तापमान बदललं की प्रोटॉनभोवतीचे पाण्याचे रेणूही कमीजास्त होतात आणि आयनच वेगळा होतो. पावसाळ्यात उलट, ओल वाढते, गुच्छ मोठे होतात, रिॲक्टंट आयन पीक उजवीकडे सरकतं. म्हणून चांगल्या यंत्रात नळी गरम आणि ठराविक तापमानाला ठेवतात आणि आत जाणारी हवा सिव्हमधून, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांतून, कोरडी करून घेतात. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात ते सिव्ह वेळेवर बदलणं हे कॅलिब्रेशनइतकंच महत्त्वाचं समजा.

कॅलिब्रेशनला जो पदार्थ वापरतात तो बघून तर मला दरवेळी आनंद होतो. २,६-डाय-टर्ट-ब्युटाइल पिरिडीन. पिरिडीनचा नायट्रोजन प्रोटॉन घट्ट धरतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टर्ट-ब्युटाइलचे मोठे गठ्ठे आहेत, ते पाण्याला जवळ येऊच देत नाहीत. त्यामुळे हवा दमट असो की कोरडी, हा आयन सहसा पाणी चिकटवून घेत नाही आणि १.४२ च्या आसपासच राहतो. कागदावर रचना काढून पोरांना दाखवली की स्टेरिक हिंडरन्स नावाची गोष्ट कशाला शिकलो ते एका मिनिटात समजतं.

एअरपोर्टवर हातावरून आणि बॅगेवरून जी पट्टी फिरवतात ती गरम करून वाफ याच प्रकारच्या नळीत नेतात, बरीचशी यंत्रं आयएमएसचीच आहेत. स्फोटकांसाठी निगेटिव्ह मोड. तिथे चार्ज ऑक्सिजनकडे किंवा मुद्दाम घातलेल्या क्लोरीनवाल्या पदार्थातून आलेल्या क्लोराइडकडे असतो. टीएनटी आपला प्रोटॉन देऊन टाकतो आणि १.५४ वर दिसतो, आरडीएक्स क्लोराइडला चिकटवून घेतो. यंत्र वाजलं याचा अर्थ एवढाच की ठरवलेल्या खिडकीत काहीतरी पोचलं. तेवढ्याच मोबिलिटीचा दुसरा साधा पदार्थही तिथे पोचू शकतो, म्हणून वाजल्यावर पुन्हा तपासणी करतात आणि ते बरोबरच आहे. आमच्याकडचा एखादा मुलगा पहिल्यांदा विमानात बसताना यंत्र वाजलं म्हणून घाबरतो, त्याला हे आधी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

मला स्वतःला एक काम झालेलं बघायचंय. बाजारात केळीचा रंग १ ते ७ अशा पायऱ्यांनी मोजतात, १ म्हणजे पूर्ण हिरवी आणि ७ म्हणजे पिवळ्यावर तपकिरी ठिपके. एकाच बागेतल्या, एकाच दिवशी कापलेल्या घडांच्या फण्या घ्यायच्या, निम्म्या चेंबरमध्ये इथिलीनवर पिकवायच्या, निम्म्या नुसत्या आपोआप पिकू द्यायच्या, आणि प्रत्येक पायरीला बंद बाटलीतली हवा जीसी-आयएमएसला द्यायची. आयसोअमाइल ॲसिटेटचा मोनोमर कोणत्या पायरीला वर येतो, डायमर कधी सुरू होतो, ब्युटिरेट कधी येतात, आणि दोन्ही गटांत हा क्रम सारखा आहे का. रंग सारखा पण वास मागे राहिलेला माल ओळखता आला तर चेंबरवाल्याला तापमान आणि गॅसची वेळ कुठे बदलायची ते समजेल. रावेर-यावल-चोपड्याची जी पोरं एम.एस्सी.ला प्रोजेक्ट शोधतायत त्यांनी हा विषय घ्यावा. केळी घरची आहे, चेंबर ओळखीच्यांचं आहे, यंत्र मात्र आधी जुळवावं लागेल, ज्या संस्थेत ते असेल तिथे पत्र लिहायला मी बरोबर बसेन.